दोन औषधांनंतरही फिट येत असतील, तर पुढची वाट दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूच्या विकारांवर परदेशात एखादे नवे औषध मान्य झाले की त्याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत येते, आणि ती यायलाच हवी. पण एका विकारावर आपल्याच देशातल्या सरकारी रुग्णालयात, आपल्याच मुलांच्या सहभागाने चोख संशोधन झाले, त्याचा निष्कर्ष जगाने मान्य केला, आणि तरीही तो तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचला नाही, याची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. हा विकार म्हणजे अपस्मार, म्हणजेच फेफरे, आकडी किंवा फिट. माझ्या मुलाला तो लहानपणापासून आहे. त्यामुळे या विषयावर जे वाचले, तज्ज्ञांकडून जे समजून घेतले आणि रुग्णालयांच्या बाकांवर इतर पालकांकडून जे ऐकले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांतले जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य औषध नियमित घेतले तर यांतल्या बहुसंख्य रुग्णांचे झटके थांबतात, ही यातली मोठी दिलाशाची बाब आहे. प्रश्न उरतो तो ज्यांचे थांबत नाहीत त्यांचा. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी या डॉक्टरांनी आधी कोणतेच उपचार न घेतलेल्या ४७० रुग्णांचा मागोवा घेतला. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४७ टक्के रुग्णांचे झटके पहिल्याच औषधाने थांबले, दुसऱ्या किंवा तिसऱ्या औषधाने आणखी १४ टक्क्यांचे थांबले आणि दोन औषधे एकत्र देऊन केवळ ३ टक्क्यांची भर पडली. म्हणजे पहिली दोन औषधे नीट मात्रेत देऊनही गुण आला नाही, तर नुसते औषध बदलत राहून यश मिळण्याची शक्यता झपाट्याने कमी होत जाते.

ग्लासगोच्या याच केंद्राने २०१८ साली तीन दशकांतल्या १७९५ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. दरम्यान डझनभराहून अधिक नवी औषधे बाजारात आली होती. त्यांतल्या काहींचे दुष्परिणाम कमी आहेत, हा फायदा खराच. पण झटक्यांपासून पूर्ण मुक्त झालेल्यांचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपासच राहिले, नव्या औषधांनी ते फारसे हलले नाही. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘नवी गोळी आली आहे, बघू या’ या आशेवर आपल्याकडे कित्येक कुटुंबे मुलाची शाळेची सगळी वर्षे घालवतात.

आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१० साली व्याख्याच ठरवून दिली की, योग्य निवडलेली आणि सोसवलेली दोन औषधे पुरेशा प्रमाणात देऊनही झटके थांबले नाहीत, तर तो अपस्मार औषधांना दाद न देणारा समजावा. असे निदान झाल्यावर रुग्णाला शस्त्रक्रियेच्या दृष्टीने तपासणीसाठी विशेष केंद्राकडे पाठवावे, आणि हा मार्ग सत्तरीपर्यंतच्या रुग्णांना खुला ठेवावा, अशी शिफारसही याच संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२२ साली केली आहे. पाठवणे म्हणजे लगेच शस्त्रक्रिया करणे नव्हे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे. एमआरआय, कॅमेऱ्याखाली दिवसरात्र घेतलेला ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख) आणि स्मरणशक्तीच्या व भाषेच्या चाचण्या यांवरून झटका मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातून सुरू होतो, तो भाग काढता येण्यासारखा आहे का, आणि मुळात तो झटका अपस्माराचाच आहे का, हे तिथे पाहिले जाते. पुष्कळांना तपासणीअंती शस्त्रक्रिया नको असेच सांगितले जाते, आणि तेही कळणे आवश्यकच आहे.

शस्त्रक्रियेचा उपयोग होतो का, याचे पहिले भक्कम उत्तर कॅनडातून आले. कानशिलामागच्या, टेम्पोरल लोब म्हणतात त्या भागातून उद्भवणाऱ्या अपस्माराच्या ८० प्रौढ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यदृच्छ पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली आणि २००१ साली निकाल प्रसिद्ध झाला. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातले ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते, केवळ औषधांच्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. औषधांच्या गटातला एक रुग्ण त्या वर्षात दगावला. मुलांसाठी मात्र असा पुरावा नव्हता. तो दिला आपल्या दिल्लीच्या एम्सने.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे अर्थसाहाय्य लाभलेल्या या चाचणीत १८ वर्षे किंवा त्याहून कमी वयाची ११६ मुले होती. डॉ. रेखा द्विवेदी, डॉ. मंजरी त्रिपाठी, डॉ. शरत चंद्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या ५७ पैकी ४४ मुलांना, म्हणजे ७७ टक्क्यांना, बारा महिन्यांअखेर एकही झटका येत नव्हता. औषधांवर ठेवलेल्या ५९ पैकी केवळ चौघांना, म्हणजे ७ टक्क्यांना हे भाग्य लाभले. वागणूक, सामाजिक वाढ आणि जीवनमान यांच्या मोजमापांतही शस्त्रक्रियेचा गट सरस ठरला. बुद्धिमापनात मात्र वर्षभरात फरक दिसला नाही. त्यासाठी वापरलेली बिने-कामत चाचणी मुळात मराठी आणि कानडी मुलांसाठी घडवलेली आहे, हा आपल्याशी जुळणारा धागा इथे नमूद करावासा वाटतो.

या चाचणीची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. शस्त्रक्रियेच्या गटात ३३ टक्के मुलांना गंभीर दुष्परिणाम झाले आणि त्यांत १५ मुलांना अंगाच्या एका बाजूला कमजोरी आली. मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्यापासून वेगळा करण्याची जी मोठी शस्त्रक्रिया असते, तिच्यात अशी कमजोरी पुष्कळदा आधीच गृहीत धरलेली असते, आणि दिवसाला अनेक झटके सोसणाऱ्या मुलाचे आईवडील ती किंमत समजून उमजून पत्करतात. ती पत्करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. त्यांना पर्यायच सांगितला गेला नाही, तर तो अधिकार त्यांच्याकडून काढून घेतल्यासारखे होते.

दिल्लीतल्या औषधांच्या गटाची मुले शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीवर होती. केंद्रावर रुग्णांची रांग मुळातच लांब होती, म्हणून एका गटाला थांबवून ठेवणे नैतिक चौकटीत बसले. कॅनडातही असेच होते. ज्या रांगेमुळे हा पुरावा उभा राहिला, ती रांग कमी करणे हे पुरावा हाती आल्यानंतरचे आपले पहिले काम असायला हवे होते.

महाराष्ट्रात काय घडते? मुलाला झटका येतो, कुणी कांदा हुंगवतो, कुणी चप्पल. मग एक डॉक्टर, मग दुसरा, मध्येच देवऋषी. गोळ्या सुरू होतात, थोडा फरक पडतो, पुन्हा झटका येतो, मात्रा वाढते, दुसरी गोळी येते, तिसरी येते. आमच्या बाबतीत पाच औषधे झाल्यानंतर, एका शिकाऊ डॉक्टर मुलीने सहज विचारले म्हणून, विशेष केंद्राचे नाव आमच्या कानावर पडले. याबद्दल कुणा एका डॉक्टरला दोष द्यावा असे मला वाटत नाही, कारण गर्दीच्या ओपीडीत प्रत्येक रुग्णाला मिळणारी मिनिटे मी पाहिली आहेत. पण तोवर मुलाची वर्षे गेलेली असतात. औषधे वाढवत जाणे निरुपद्रवी नाही. झोप, चिडचीड, अभ्यासातली घसरण तर होतेच, शिवाय व्हॅल्प्रोएट हे फिटवरचे औषध गरोदरपणात चालू राहिले तर बाळात जन्मजात व्यंग आणि बुद्धीच्या वाढीत अडथळा येण्याचा धोका निश्चितपणे दिसून आला आहे. मुलींच्या बाबतीत तर लग्न जमणार नाही या भीतीने आजार लपवला जातो आणि गावाबाहेरच्या मोठ्या रुग्णालयात राहून तपासणी करणेच टाळले जाते. विवाह रद्द ठरवण्याच्या कारणांतून अपस्मार हा शब्द १९९९ साली कायद्याने वगळला गेला, हे किती घरांना ठाऊक आहे?

अशी तपासणी आणि शस्त्रक्रिया देशात अशक्य आहे असेही नाही. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आल्या आहेत.

म्हणून माझ्या शासनाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांकडे काही विनंत्या आहेत. जिल्हा रुग्णालयातल्या अपस्माराच्या प्रत्येक केसपेपरवर आजवर दिलेली औषधे, त्यांच्या मात्रा आणि महिन्याचे झटके यांची नोंद ठेवली जावी, आणि दोन औषधे निष्फळ ठरताच रुग्णाला पुढे पाठवणे हा नियम व्हावा. पाठवलेल्यांपैकी किती जण खरोखर केंद्रापर्यंत पोचले, किती जण वाटेत गळाले आणि का गळाले, याचा अभ्यास आपल्याच विद्यापीठांतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा. हेही क्लिनिकल संशोधनच आहे, त्याला परदेशी यंत्रे लागत नाहीत. आरोग्य योजनांमध्ये शस्त्रक्रियेइतकाच तिच्या आधीच्या तपासण्यांचा आणि सोबतच्या माणसाच्या राहण्याचा विचार व्हावा. पालकांनी झटक्यांची वही ठेवावी, आणि शक्य असेल तेव्हा, मुलाला कुशीवर वळवून सुरक्षित केल्यावर, दुसऱ्या कुणाला मोबाईलवर चित्रण करायला सांगावे. निदान करताना डॉक्टरांना त्याची मोठी मदत होते.

आपल्या दैनिकालाही एक आग्रहाची विनंती आहे. १७ नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी गैरसमज दूर करणारे लेख आपण छापताच. यंदा त्यांच्यासोबत राज्यात शस्त्रक्रियापूर्व तपासणीची सोय असलेल्या सरकारी केंद्रांची यादी आणि ओपीडीचे वार खात्री करून छापावेत.

आपला नम्र,
एक पालक, सातारा