वादळी वाऱ्यातल्या अनोळखी सोबत्यांचे मनःपूर्वक आभार

गेल्या आठवड्यात डोंगरावर एकटाच स्कीइंग करत असताना ज्या अनोळखी माणसांनी मला सुखरूप खाली आणले, त्यांची नावे विचारण्याचेही भान मला राहिले नाही, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

त्या सकाळी तापमान उणे १० अंश होते आणि वारा ताशी ४० किलोमीटरच्या आसपास होता. अशा वाऱ्यात उघड्या त्वचेला उणे २१ अंशांइतकी थंडी बाधते, हे ठाऊक असूनही मी एकटा वर गेलो, ही माझी चूकच होती. धारेवरचा बर्फ वाऱ्याने खरवडून काचेसारखा कठीण झाला होता आणि तिथून उडालेला बर्फ आडोशाच्या उतारावर जाड थराने साचला होता. त्या थरात माझा तोल गेला आणि एक स्की सुटून दिसेनाशी झाली.

मागून येणाऱ्या दोघी थांबल्या आणि काठीच्या टोकाने बर्फ चाचपत त्यांनी ती शोधून दिली. त्यांतील एकीला माझ्या गालावर नखाएवढा पांढरा डाग दिसला. तिथली संवेदनाच गेल्यामुळे मला हिमदंशाच्या त्या सुरुवातीचा पत्ताही नव्हता. तिने मला गाल चोळू दिला नाही, तर स्वतःचा हातमोजा काढून उबदार तळवा तिथे धरून ठेवला.

उतार संपेपर्यंत प्रत्येक वळणावर मागे पाहत माझ्यापुढे चाललेल्या गस्तीपथकातील सदस्याचाही मी अत्यंत ऋणी आहे.