फलकाच्या नियमात अक्षराची उंचीही हवी

महोदय,

व्यापारी संकुलाच्या दारावरील सामायिक नामफलकाला नियम बहुधा क्षेत्रफळाची मर्यादा घालतात. गाळेधारक वाढले की त्यावरील नावांच्या पट्ट्या अरुंद होतात, अक्षरे बारीक. सहज वाचायला दर 3 मीटर अंतरामागे साधारण 25 मिलिमीटर उंचीचे अक्षर लागते. 15 मीटरवरून 125. ते नसले की चालक नाव शोधत ऐन फाटकात ब्रेक दाबतो. म्हणून किमान अक्षर-उंची नियमातच लिहावी. रस्त्यालगत संकुलाचे नाव आणि क्रमांक पुरे. गाळ्यांची यादी आत, गाडी थांबवता येईल तिथे लावावी. प्रत्येक नावाची पट्टी स्क्रूने सुटणारी हवी. जुन्या नावावर स्टिकर चिकटवले की कडा सुटतात, पाणी शिरते. आणि निव्वळ पट्टी बदलायला नवी परवानगी मागणे तर कृपया बंदच करा.

– एक वाचक