‘५ कॅरेट’ ब्रेसलेटची जाहिरात आणि बिलावरचे हिरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत टेनिस ब्रेसलेटवर, म्हणजे हिऱ्यांच्या एका सलग ओळीच्या ब्रेसलेटवर, अख्खं पान आलं होतं. लेख बरा होता, फोटो तर मस्तच, पण कट (पैलू), कलर (रंग), क्लॅरिटी (स्वच्छपणा), कॅरेट (वजन) हे चार शब्द समजावून सांगितले आणि लेख संपला. आणि त्याच्याच खाली एका दुकानाची अर्धा पान जाहिरात, ‘५ कॅरेट डायमंड टेनिस ब्रेसलेट, मजुरी शून्य’, आणि हे हिरे लॅबमध्ये बनवलेले आहेत हे कुठे लिहिलंय तर सगळ्यात तळाला, फुलीच्या खुणेपुढे, भिंग घेतल्याशिवाय दिसणार नाही एवढ्या अक्षरात. मी अंधेरीच्या सीप्झ या निर्यात वसाहतीत एका एक्स्पोर्ट कंपनीत बरीच वर्षं क्यूसीला, म्हणजे माल तपासायला होते, अमेरिकेतल्या दुकानांत जाणारी हीच ब्रेसलेटं आमच्या टेबलावरून पुढे जायची, त्यामुळे ते पान बघून गप्प बसवेना. पत्र लांबलंय, कापायचं तर कापा, पण बिलाबद्दल लिहिलंय तेवढं ठेवा.

मुळात ते चार शब्द एका हिऱ्यासाठी आहेत. अंगठीत एक खडा असतो, त्याचा स्वतःचा रिपोर्ट असतो, तिथे ते चालतं. ब्रेसलेटमध्ये पन्नास-साठ-सत्तर खडे असतात आणि त्या प्रत्येकाचं वेगळं ग्रेडिंग कोणी करत बसत नाही. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचे शंभर सेंट. ३ मिलिमीटरचा गोल हिरा साधारण दहा सेंटचा भरतो, सात इंची ब्रेसलेटला असे पन्नास-पंचावन्न लागतात, म्हणजे पाच कॅरेटच्या आसपास. तेच २ मिलिमीटरचे घेतले तर एक खडा तीन सेंटचा, सत्तरच्या वर खडे बसतात आणि सगळे मिळून दोन-सव्वादोन कॅरेट होतात. आता बारीक हिऱ्याचा कॅरेटमागे भाव कमी आणि मोठ्याचा जास्त असतो, त्यामुळे बारीक खड्यांच्या दोन-तीन ओळी लावून कोणी पाच कॅरेट भरले तर ते पाच कॅरेट आणि एका ओळीतले मोठ्या खड्यांचे पाच कॅरेट यांची किंमत एक नसते. जाहिरातीत मात्र दोन्ही ‘५ कॅरेट’च. म्हणून दुकानात पहिला प्रश्न एकूण कॅरेट किती हा विचारूच नका, खडे किती आणि एक खडा किती सेंटचा हे विचारा, सेल्समनला लगेच कळतं की समोरच्याला थोडंफार समजतंय.

दुसरी गोष्ट कार्डाची. ब्रेसलेटबरोबर हिरे तपासणाऱ्या लॅबचं प्लास्टिकचं कार्ड देतात, लोक ते लॉकरमध्ये जपून ठेवतात. त्यावर कलर जी-एच (जवळपास पांढरा), क्लॅरिटी व्हीएस-एसआय (आत अगदी बारीक ते थोडे डाग) असं लिहिलेलं असतं, म्हणजे रेंज. खडे आधीच सोन्यात बसलेत, ते बाहेर काढून कोणी तपासत नाही, वरून जेवढं दिसतं तेवढ्यावरच ग्रेड ठरते. जीआयए या अमेरिकेतल्या हिरे तपासणाऱ्या संस्थेचा डायमंड ग्रेडिंग रिपोर्ट असतो तो सुट्या हिऱ्याचा. म्हणजे कार्ड खोटं असतं असं अजिबात नाही, नामांकित लॅबचं कार्ड हवंच, पण एसआयच्या रेंजमध्ये एका ब्रेसलेटचे खडे अगदी स्वच्छ आणि दुसऱ्याचे काळ्या टिपक्यांचे असू शकतात आणि दोन्ही ब्रेसलेटांना कार्ड एकच मिळू शकतं. ते डोळ्यांनीच बघायला लागतं.

कसं बघायचं ते सांगते. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काचेचा तुकडासुद्धा चमकतो, तिथे काही ठरवू नका. ब्रेसलेट दारापाशी उजेडात न्या, पांढऱ्या कागदावर उलटं आडवं ठेवा आणि मागून, बाजूने बघा. एखाद-दुसरा खडा पिवळट असेल तर ओळीत लगेच उठून दिसतो. लॉकजवळचे खडे आधी बघा, नजर नेहमी मधल्यांवर जाते. दुधाळ खडे बघा, म्हणजे डाग नाही पण आत धुकं असल्यासारखं, असला खडा कागदावर व्हीएस असेल तरी हातावर मेलेला दिसतो. मग आयग्लास मागा, दहापट मोठं दाखवणारं भिंग, प्रत्येक हिऱ्याच्या दुकानात असतं, नाही म्हणाले तर सरळ उठून या. आणि फुल कट आहे की सिंगल कट ते विचारा. फुल कटला ५७ पैलू, सिंगल कटला १७, अगदी बारीक खड्यांत सिंगल कट चालतो पण २ मिलिमीटरच्या वरच्या खड्यांत कोणी सिंगल कट देत असेल तर पैसे कुठे वाचवलेत ते उघड आहे. आणखी एक प्रकार असतो, छोट्या खड्याभोवती चकचकीत पैलूदार सोन्याची कडा, लांबून खडा दुप्पट वाटतो, त्याला इल्युजन सेटिंग म्हणतात. त्यात फसवणूक काही नाही, फक्त माहीत असून घ्या.

पण खरं सांगू का, आमच्याकडे जो माल रिजेक्ट व्हायचा तो हिऱ्यांमुळे कमी आणि बनावटीमुळे जास्त. हे तुमच्या लेखात एका ओळीतसुद्धा नाही. ब्रेसलेट दिवसभर हलतं, टेबलाला आपटतं, त्याला पन्नासच्या वर सांधे असतात आणि प्रत्येक खडा तीन किंवा चार बारीक प्राँगवर, म्हणजे सोन्याच्या नखांवर उभा असतो. आम्ही पहिलं काय करायचो तर ब्रेसलेट कानाशी नेऊन हलकेच हलवायचो, सैल खडा असला की टिकटिक ऐकू येते. मग नायलॉनच्या पातळ कापडावरून फिरवायचो, धागा अडकला की ते प्राँग नीट बसलेलं नाही आणि आज धागा अडकतोय तिथे उद्या लोकरीचा स्वेटर अडकून प्राँगच उचकटणार. ओढणीवर तुम्हीही करू शकता, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे. मग एक टोक धरून लोंबकळत सोडायचं, सरळ रेषेत पडलं पाहिजे, कुठे पीळ पडता कामा नये. बोटावर टाकलं की मऊ वळलं पाहिजे, पण आडवं वाकवलं तर फार वाकू नये. फार सैल म्हणजे सांधे झिजणार, फार कडक म्हणजे एखाद दिवशी मधेच तुटणार.

हॅंड सेट (खडे हाताने बसवलेले) आहे की वॅक्स सेट हेही विचारा, हा प्रश्न आजवर कुठल्या गिऱ्हाइकाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. वॅक्स सेटिंगमध्ये खडे आधीच मेणाच्या नमुन्यात बसवतात आणि मग मेण वितळवून त्याच्या जागी सोनं ओततात, काम झटपट आणि स्वस्त होतं, पण त्या उष्णतेने एखादा खडा दुधाळ होऊ शकतो आणि नंतर खडा पडला तर परत बसवायला त्रास. स्वस्त मालाला चालतं. दोन-तीन लाखांच्या वस्तूला मी तरी घेणार नाही.

लॉकबद्दल तर भांडून बोलेन. टेनिसपटू ख्रिस एव्हर्टचा किस्सा सगळे सांगतात, यूएस ओपनच्या मॅचमध्ये तिचं हिऱ्यांचं ब्रेसलेट हातातून सुटून पडलं आणि त्यावरून हे नाव पडलं, वर्ष कोणी १९७८ सांगतं कोणी १९८७, पण पडलं हे महत्त्वाचं! नुसत्या खटक्याच्या लॉकवर विसंबू नका. बाजूला आठच्या आकड्यासारखा सेफ्टी लॅच हवा, शक्यतो दोन्ही बाजूंना. लॉक लावताना खट्ट असा आवाज आला पाहिजे आणि लावल्यावर ओढून बघायचं. मापाचं म्हणाल तर मनगटापेक्षा अर्धा-पाऊण इंच मोठं पुरे, त्याहून ढिलं असलं की लॉक फिरून सारखं वर येतं आणि आपटतं. आणि आपल्याकडची एक अडचण आहे जी अमेरिकन गिऱ्हाइकाला नसते: पाटल्या, बिलवर, लग्नात हिरवा चुडा, हे सगळं त्याच हातात घालायचं नाही. हिरा सोन्यालाही ओरखडे काढतो आणि काचेलाही, आणि पाटल्यांचे टोले प्राँगना बसतात ते वेगळंच. दुसऱ्या हातात घाला.

आता लॅबच्या हिऱ्याबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच आहे. लॅबमधला हिरा खोटा नसतो, तो कार्बनच असतो, अमेरिकन डायमंड किंवा मॉइसनाइट असा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडा नव्हे. २०२३ मध्ये पंतप्रधान मोदींनी तेव्हाच्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा लॅबचाच हिरा भेट दिला होता. त्यामुळे दुकानातलं ते पेनासारखं मशीन लावून बीप वाजवून ‘बघा ताई, ओरिजिनल’ म्हणतात त्याला काही अर्थ नाही, उष्णतेवर चालणारं ते मशीन लॅबच्या हिऱ्यालाही बीप करतं आणि मॉइसनाइटलाही बऱ्याचदा करतं. खाणीतला की लॅबचा हे आयग्लासने मलाही सांगता येणार नाही, त्याला तपासणी लॅबमधली वेगळी मशीनं लागतात. आणि बारीक खड्यांच्या पाकिटात दोन्ही मिसळण्याची भीती ट्रेडमध्ये सगळ्यांनाच आहे, म्हणून तर डी बिअर्स या हिऱ्यांच्या बड्या कंपनीने सेट केलेले दागिने तपासायचं मशीन काढलं आणि जीआयएनेही छोटं मशीन बाजारात आणलं. नैसर्गिक म्हणून पैसे घेतले असतील तर सगळे खडे स्क्रीनिंग केलेत का हे विचारायचा हक्क आहे आपला.

लॅबचं घेऊ नका असं मी म्हणत नाही. रोज ऑफिसला घालायला, लोकलच्या गर्दीत, मी स्वतः लॅबचंच घेईन. फक्त त्याच्याकडे गुंतवणूक म्हणून बघू नका आणि कोणी तसं विकत असेल तर त्याला विचारा की परत किती रुपयांना घेणार, लेखी द्या. डी बिअर्सने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबचे हिरे ८०० डॉलर कॅरेटने विकायला काढले होते, नंतर भाव एवढे कोसळले की २०२५ मध्ये तो ब्रँड बंद करत असल्याचं त्यांनीच जाहीर केलं. जीआयएने तर ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्यांना ते कलरचे डी-ई-एफ, क्लॅरिटीचे व्हीव्हीएस वगैरे ग्रेड देणंच बंद केलं, आता प्रीमियम किंवा स्टॅंडर्ड एवढंच. तुमच्या लेखात दोन्ही हिऱ्यांना एकच तक्ता लावलाय.

‘मजुरी शून्य’चं गणितही बघा. सोन्याचा भाव रोज पेपरात येतो, त्यात फार हात मारता येत नाही. हिऱ्याचा तसा भाव पेपरात छापून येत नाही, प्रत्येक दुकानाचा आपापला. मग मजुरी माफ केली की ती हिऱ्याच्या कॅरेटच्या भावात घुसते, एवढं साधं आहे. तुलना करायची तर तीन दुकानांतून सोनं, हिरे, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी असं वेगवेगळं लिहून घ्या. आणि वजन! पाच कॅरेट हिरे म्हणजे बरोब्बर एक ग्रॅम. ग्रॉस, म्हणजे हिऱ्यांसकट वजनावर सोन्याचा भाव लावला तर तो एक ग्रॅम तुम्ही सोनं म्हणूनही भरता आणि हिरे म्हणूनही. नेट, म्हणजे नुसत्या सोन्याचं वजन मागायचं.

हॉलमार्क असला की लोक निर्धास्त होतात, पण तो फक्त सोन्याचा आहे, हिऱ्याबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. ब्रेसलेटवर ७५० किंवा ५८५ (हजारातले एवढे भाग सोनं) आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून तो सक्तीचा आहे, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. बिलावर सोन्याचं नेट वजन, शुद्धता आणि हॉलमार्किंगचा चार्ज वेगळा लिहिणं नियमानेच बंधनकारक आहे, सोनं कमी शुद्धतेचं निघालं तर जेवढी घट निघेल त्याच्या दुप्पट भरपाईही मिळते. हिऱ्यासाठी अशी सोय आपणच बिलावर लिहून घ्यायची: खडे किती, एकूण कॅरेट किती, नैसर्गिक की लॅबचे, कलर-क्लॅरिटीची रेंज, कुठल्या लॅबचं कार्ड आणि त्याचा नंबर, आणि परत घेताना काय भाव. ‘डायमंड ब्रेसलेट १ नग’ असं बिल घेऊन पुढे भांडण झालंच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर सांगणार काय आणि ग्राहक आयोगापुढे दाखवणार काय? कच्चं बिल तर नकोच, थोडा टॅक्स वाचतो म्हणून लोक अजूनही घेतात, मला कमाल वाटते.

संपादक साहेब, तुमच्याकडे मागणं दोन. एक म्हणजे ‘लॅब ग्रोन’ हे शब्द जाहिरातीत ‘डायमंड’ या शब्दाएवढ्याच मोठ्या टाइपात असतील तरच ती छापा, जाहिरात विभाग कुरकुर करेल हे माहीत आहे. दुसरं म्हणजे पुढच्या वेळी असा लेख करायचा असेल तर दुकानमालकांशी बोलाच, पण एखाद्या सेटरशी, म्हणजे खडे बसवणाऱ्या कारागिराशीही बोला. सीप्झच्या गेटवर संध्याकाळी पाळी सुटते तेव्हा आपली मराठी मुलं-मुली भरपूर भेटतील, झवेरी बाजारात बंगाली कारागीर भेटतील, कुठल्या प्राँगवर खडा टिकतो आणि कुठला वर्षात पडतो हे त्यांना विचारा.

आपली,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)