गोळी वाढवण्याआधी गोळ्या कमी करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

धारवाडच्या डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

धाकट्या भावाला घेऊन आम्ही निपाणीहून तुमच्याकडे आलो, तेव्हा त्याच्या फायलीत स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराची तीन औषधं एकत्र चालू होती. आधीच्या दवाखान्यात कानातले आवाज वाढले की नवी गोळी मिळायची, जुनी काही सुटायची नाही. हात थरथरायचे, आवाज मात्र तसेच. कुठलं औषध, किती डोस, किती आठवडे, आणि तो खरंच गिळत होता का, एवढं तुम्ही शांतपणे विचारून घेतलंत. तेही मराठीत. आईला कन्नड जेमतेम येतं, त्यामुळे पहिल्यांदाच तिला स्वतःचं सगळं सांगता आलं.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये निदान सहा-सहा आठवडे देऊनही गुण आला नाही, तर क्लोझापाइन या औषधाचा विचार करतात, हे तोवर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटू शकतात म्हटल्यावर आई घाबरली. पहिले 18 आठवडे दर आठवड्याला रक्त का तपासायचं, ते तुम्ही तिला पटेपर्यंत सांगितलंत. ताप आला, घसा दुखला तर त्याच दिवशी यायचं, आणि शौचाला साफ होत नसेल तर लाजून गप्प बसायचं नाही, जिवावर बेतू शकतं, हे तर तिच्याकडून वदवूनच घेतलंत.

आणि विडी! आमचा मुलूखच तंबाखूचा. विडीच्या धुरामुळे यकृत क्लोझापाइन लवकर संपवतं, आणि विडी एकदम सोडली तर रक्तातलं औषध चढतं. म्हणून सोडायची ती तुम्हाला सांगूनच. भाऊ विडी ओढतो का, हे याआधी कुणी विचारलं नव्हतं.

जुन्या गोळ्या तुम्ही हळूहळू काढल्यात. क्लोझापाइननं बराच फरक पडला, पण पुरता नाही, तेव्हा अ‍ॅरिपिप्राझोल हे दुसरं औषध जोडलंत. फिनलंडमधल्या 62,250 रुग्णांच्या नोंदींत या जोडीवर असताना पुन्हा दाखल व्हायची वेळ सगळ्यात कमी आली, असा अभ्यास 2019 मध्ये आला, हे सांगितलंत. पण त्या नोंदी आहेत, पक्का पुरावा नव्हे, म्हणून काही महिने बघू आणि उपयोग नसेल तर काढून टाकू, हेही त्याच दमात. औषध सुरू करतानाच ते कधी थांबवायचं हे सांगणारं माणूस आम्हाला तुमच्यात भेटलं. माझे सगळ्यात मोठे आभार याचेच आहेत.

आवाज अजून अधूनमधून येतात. रात्री लाळ गळते, वजनही वाढलंय. पण भाऊ आता जेवताना आमच्याशी बोलतो, आठवडी बाजारात आईसोबत जातो आणि भाजीचा हिशेब स्वतः करतो. पुढच्या खेपेला साखरेचा रिपोर्टही घेऊन येतो.

तुमची ऋणी,
त्याची ताई