निदानाआधीच दुरुस्ती नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सिंहगड रस्त्यावरील कोंडीत मोटार उभी असताना, इंजिन चालू पण ॲक्सिलरेटरवर पाय नाही अशा वेळी, बॉनेटखालून बारीक चिरचिर ऐकू येऊ लागली. एका गॅरेजमध्ये नुसता आवाज ऐकून अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा भाग, बदलण्यात आला. हजारो रुपये गेले आणि आवाज मात्र कायम राहिला.

पुढे नाना पेठेतील एका वयस्क मिस्त्रींनी चालू इंजिनच्या, अल्टरनेटर वगैरे फिरवणाऱ्या पट्ट्याच्या खाचांवर, हात लांब ठेवून, थोडे पाणी फवारले. पट्टा घासत किंवा घसरत असेल, तर पाण्याने आवाज क्षणभर थांबतो किंवा वाढतो. येथे काहीच फरक पडला नाही, म्हणजे संशय पट्टा ज्यांवरून फिरतो त्या पुलींच्या (चाकांच्या) बेअरिंगवर गेला. मग इंजिन बंद करून, पट्टा उतरवून त्यांनी एकेक पुली हाताने फिरवली आणि आयडलर पुलीवर, म्हणजे पट्ट्याला नुसता आधार व दिशा देणाऱ्या पुलीवर, माझे बोट ठेवायला सांगितले. फिरताना तिची खरखर बोटाला स्पष्ट जाणवत होती. बेअरिंगमधील ग्रीस आटले होते. ती एक पुली बदलताच इंजिन शांत झाले.

ही तपासणी जेमतेम अर्ध्या तासाची आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. म्हणूनच गॅरेजचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की कोणताही भाग बदलण्यापूर्वी दोष ग्राहकाला प्रत्यक्ष दाखवावा आणि काढलेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा.

आपला विश्वासू,
एक मोटारचालक, पुणे