त्या ‘मित्राला’ कुठे पाठवू? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी पुणे जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि तिथल्या रेड रिबन क्लबचं, म्हणजे एचआयव्ही-एड्सबद्दल जागृती करणाऱ्या विद्यार्थी मंडळाचं, काम पाहतो. दर १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, आम्ही रॅली काढतो, रांगोळी स्पर्धा घेतो, फोटो जोडून अहवाल वर पाठवतो. कार्यक्रमानंतर पांगापांग झाली की कुणीतरी एकटा मागे रेंगाळतो. “सर, माझ्या मित्राला एक विचारायचं होतं...” शंका लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजाराची असते. त्या मित्राला तपासणीला कुठे पाठवायचं, एवढ्यासाठी हे पत्र.

सरकारी सोय नाही, असं मी म्हणणार नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी मोफत होते, जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे, १०९७ या हेल्पलाइनवर फोन केला तर माहितीही देतात. पण ओपीडी सकाळची आणि आमची प्रॅक्टिकल्सही सकाळचीच. शिवाय केसपेपरच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, हा धाक. खासगी लॅबमध्ये सगळ्या चाचण्या करायच्या तर महिन्याच्या मेसचे पैसे जातात. मग पोरं मेडिकल गाठतात. तिथे दोन-तीन गोळ्या मिळतात, जळजळ थांबते, विषय संपला असं वाटतं. गनोरिया या लैंगिक आजाराचे जंतू आधीच एकेका अँटिबायोटिकला दाद देईनासे झालेत, त्यात हे अर्धवट औषध. सिफिलिस तर त्याहून फसवा. जननेंद्रियावरचा फोड दुखत नाही, काही आठवड्यांत औषधाशिवाय भरून येतो, आजार मात्र अंगात राहतो. सुरुवातीला सापडला तर पेनिसिलिनच्या एका डोसवर बरा होतो. पण त्यासाठी रक्त तपासायला हवं ना!

मुलींचं आणखी अवघड. क्लॅमिडिया हा असाच आणखी एक संसर्ग झालेल्या बहुतेक स्त्रियांना काहीच त्रास जाणवत नाही, आणि आपला सरकारी कार्यक्रम मुख्यतः लक्षणांवर चालतो: काय होतंय ते सांगा, त्यानुसार ठरलेल्या रंगाचं औषधांचं किट घ्या. काही होतच नसेल तर ती सांगणार काय? उपचार न झालेला संसर्ग गर्भनलिकांपर्यंत पोचू शकतो. पुढे मूल होईना की बोल तिलाच लागतात. धीर करून कुणी डॉक्टरांपुढे बसलीच, तर पहिला प्रश्न, “लग्न झालंय का?” आमच्या एका विद्यार्थिनीला तो दार उघडं असताना, बाहेरच्या बाकावर ऐकू जाईल असा विचारला गेला. ती तशीच उठून आली. (या प्रश्नातून वैद्यकीय माहिती कोणती मिळते, मला आजवर कळलेलं नाही. संबंध आले आहेत का, हे दार लावून विचारता येतं.)

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं तेव्हा ते विल्सन कॉलेजात गणित शिकवत होते. त्या कामापायी पुढे त्यांना नोकरी सोडावी लागली. या पत्रापायी माझी जाणार नाही, तेवढी प्रगती आपण केली आहे.

मागणी छोटी आहे. विद्यापीठांच्या आरोग्य केंद्रांत आणि मोठी वसतिगृहं असलेल्या महाविद्यालयांत पंधरवड्यातून एकदा, दुपारी चारनंतर, आयसीटीसीचे समुपदेशक आणि तंत्रज्ञ बसवा. एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्हींची प्राथमिक तपासणी बोटातून काढलेल्या थेंबभर रक्तावर होते. क्लॅमिडिया-गनोरियाचे नमुने जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवायची व्यवस्था लावा. प्रथम वर्षाच्या सक्तीच्या वैद्यकीय तपासणीत मात्र हे घुसडू नका. २०१७ च्या कायद्याने एचआयव्ही चाचणीला संमती लागते आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. बाकीच्या आजारांनाही तोच नियम लावा. रेक्टरकडे यादी जाता कामा नये, घरी फोन जाता कामा नये, रजिस्टरात रोल नंबर कशाला हवा? समुपदेशकावाचून मात्र चालणार नाही. संसर्ग झाल्यावर तो या चाचण्यांत दिसायला काही आठवडे, कधी तीन महिनेही लागतात. नुसता ‘निगेटिव्ह’ कागद हातात घेऊन मुलगा निर्धास्त होतो, त्याला पुन्हा कधी यायचं ते कुणीतरी समोर बसून सांगावं लागतं.

खोल्या उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे आणि माणसं तुमच्याकडे, म्हणून या पत्राची प्रत त्या खात्याच्या मंत्र्यांनाही पाठवतो आहे. दोघांनी मिळून एक परिपत्रक काढावं. आमच्या प्राचार्यांनी ग्रंथालयामागची खोली द्यायची तयारी दाखवली आहे. समुपदेशक कधीपासून पाठवता, तेवढं कळवा.

आपला,
रेड रिबन क्लबचा एक समन्वयक