सामाजिक न्याय दिनाला भाषण पुरे, मुलांना बोलू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजर्षी शाहू महाराजांची जयंती, २६ जून, आपल्याकडे सामाजिक न्याय दिन म्हणून साजरी होते. आमच्या भागातल्या बहुतेक महाविद्यालयांत प्रतिमापूजन, पाहुण्यांचे तासभर भाषण, आभार आणि अहवालापुरते फोटो, एवढ्यावर तो दिवस आटोपतो. मुले मागच्या रांगांत गप्प बसून असतात. त्यांचा काय दोष? त्यांना कोणी काही विचारलेलेच नसते. याच मुलांना आठ-आठ, दहा-दहाच्या गटात बसवले की ती किती मोकळी होतात, हे मी केळापूर तालुक्यात शिकवत असताना पाहिले आहे.

कोलाम पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा मुलगा, बंजारा तांड्यावरची मुलगी, पारधी बेड्यावरचा एखादा, शिवाय कुणबी, तेली, बौद्ध, मुस्लिम अशी सगळी मुले आमच्या एकाच वर्गात असत. तीन वर्षे सोबत काढूनही एकमेकांचे घर त्यांनी पाहिलेले नसे. एकदा गटांना आपापल्या गावाचा नकाशा काढायला सांगितला. वस्त्या, विहिरी, नळ, स्मशानभूमी आणि डांबरी रस्ता कुठवर जातो, ते सगळे दाखवायचे होते. एकाच्या कागदावर रस्ता देवळापाशीच थांबला होता. शेजारच्याने विचारले, "याच्या पुढं काय हाय?" तो म्हणाला, "पुढं आमचं पोड हाय ना. तिथवर रस्ता आलाच नाही." मग बाकीचे आपापले कागद पुन्हा पाहू लागले. नळाची लाइन कोणत्या घरापाशी थांबते, पावसाळ्यात प्रेत कोणत्या वाटेने न्यावे लागते, यावर घंटा झाल्यावरही बोलणे सुरूच होते. कोणालाही जात विचारावी लागली नाही.

यात एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळायला हवे. "तू पारधी ना, मग तूच सांग," असे कोणी म्हणता कामा नये. एका पोराच्या खांद्यावर अख्ख्या समाजाचे ओझे कशाला? त्यापेक्षा पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा सगळ्यांनी मिळून वाचावा. तो १९५२ साली रद्द झाला, तरी आजही वसतिगृहात मोबाइल हरवला की पहिली झडती कोणाच्या पेटीची होते, हे मग मुलेच एकमेकांना विचारतात.

अशा चर्चेने पोरांत भांडणे लागतील, अशी भीती प्राचार्य मंडळी बोलून दाखवतात. भीती खरी आहे, पण भांडण मोबाइलवर आधीच पोचलेले आहे. बंजारा समाजाला आपल्या राज्यात विमुक्त जातीचे आरक्षण आहे. पैनगंगेपलीकडे तेलंगणात तोच समाज अनुसूचित जमातीत मोडतो. इथेही तसेच व्हावे म्हणून एका बाजूचे मोर्चे निघाले आणि आपला वाटा जाईल म्हणून आदिवासींचेही निघाले. दोन्हीकडची मुले एकाच बाकावर बसतात आणि हा विषय निघाला की मान वळवतात. राज्याराज्यांच्या याद्या वेगळ्या का, वसतिगृहात जागा किती, शिष्यवृत्ती कोणाची अडली, हे समोरासमोर बसून बोलल्याशिवाय त्यांना कळणार कसे? एकमत झाले नाही तरी चालेल, दुसऱ्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकायला मिळाली पाहिजे.

ही काही बाहेरून आणलेली पद्धत नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ती केव्हाच रुजवली. तिथे अभ्यास गट आधी विषयाचा कीस पाडतो आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. खेड्यातल्या माणसांना जे जमते ते पदवीच्या मुलांना का जमू नये?

विद्यापीठांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की यंदा २६ जूनच्या भाषणावर न थांबता आठवड्याला एक तास अशा गटांसाठी वेळापत्रकातच राखून ठेवावा. गट चिठ्ठ्या टाकून पाडावेत, म्हणजे नेहमीचे दोस्त एकत्र बसणार नाहीत. प्राध्यापकांनी कमी बोलावे. वर्गात शिष्यवृत्तीची यादी प्रवर्गासकट मोठ्याने वाचण्याची पद्धत आधी बंद करावी, कारण तिथे मान खाली घातलेले पोर गटात तोंड उघडणार नाही. आणि हा तास दुपारच्या आतच घ्यावा. कॉलेज सुटल्यावर ठेवला तर एसटी गाठायला पळणारी पोडावरची आणि तांड्यावरचीच मुले त्यातून गळतील.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक
ता. केळापूर, जि. यवतमाळ